साडेतीन बाय नऊची बाल्कनी, सहा हजार रुपये आणि वाळणारे कपडे

पुण्यात धायरीतल्या एका वन बीएचकेची ही बाल्कनी. लांबी नऊ फूट, रुंदी साडेतीन. तिसरा मजला, तोंड पश्चिमेला, दोन्ही बाजूंना भिंती, वर स्लॅब, पुढे लोखंडी रेलिंग. घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा. राहणारी माणसं तीन: माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि वाईजवळचं अंगणाचं घर बंद करून जानेवारीत इथे आलेल्या तिच्या सासूबाई. मी त्यांना काकू म्हणते. सजावट हा माझा धंदा नाही. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे या सगळ्यात माझा हातभार मुख्यतः वहीचा.

दिवाळीतला पहिला प्रयत्न

बहिणीची बाल्कनी एकदा सजवून झाली होती. दिवाळीच्या आधी मोबाइलवरचे फोटो बघून तिने तीन बाय दहा फुटांचं प्लास्टिकच्या हिरवळीचं कार्पेट आणलं, १,३५० रुपयांचं. दारावर आलेल्या गाडीवाल्याकडून सहा रोपं कुंड्यांसकट ९०० रुपयांना घेतली आणि २५० रुपयांची दिव्यांची माळ सोडली. एकूण २,५००. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे फोटो छान आले, ते मी नाकारत नाही.

फेब्रुवारीत मी गेले तेव्हा त्या हिरवळीवर दुपारी तीन वाजता अनवाणी पाय ठेववत नव्हता. प्लास्टिक तापतं. खाली मात्र ओल, कारण पाणी जायच्या जाळीवरच कार्पेट अंथरलेलं. कोपरा उचलला तर कुबट वास. रोपांपैकी फर्न, पीस लिली, अरेका पाम आणि दोन सिंगोनियम वाळून गेलेली. ही सगळी सावलीतली झाडं, आणि पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारपासून मावळेपर्यंत ऊन. गाडीवाल्याने फसवलं असं म्हणता येणार नाही, त्याला कुणी दिशा सांगितलीच नव्हती. वाचला तो मनी प्लांट, तोही कपड्यांच्या स्टँडमागे पडला होता म्हणून.

त्या स्टँडकडे पहिल्या दिवशी माझं नीट लक्ष गेलं नाही. बाल्कनीच्या मधोमध पाच फुटांचा स्टीलचा स्टँड, त्यावर तीन माणसांचे कपडे. दार उघडलं की त्यावर आपटायचं. कोपऱ्यात जुन्या बादलीत कबुतराने घरटं केलेलं, त्यात दोन पिल्लं.

बहिणीने विचारलं, "ताई, सहा हजारांत ही बसण्यासारखी होईल का?"

काकू आतून म्हणाल्या, "बसायला हॉल आहे की. कपडे कुठे वाळत घालू ते आधी सांगा."

मला वाटलं, सासूबाई जरा कुरकुरताहेत. पण प्रश्न त्यांचाच बरोबर होता, हे कळायला तीन आठवडे लागले.

पिल्लं उडेपर्यंत

पहिलं काम म्हणून कबुतरांची जाळी लावायची ठरली. काकूंनी ती अडवली. "पिल्लं उडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." कबुतराची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर महिना-सव्वा महिन्याने उडतात. ही अंगावर पिसं फुटलेली, म्हणजे आणखी तीनेक आठवडे. बहीण वैतागली. मला मात्र आज वाटतं, या थांबण्यानेच पैसे वाचले.

रिकाम्या हाती काय करायचं, म्हणून कार्पेट गुंडाळून बाहेर काढलं आणि काकूंनी एका रविवारी दर तासाला उन्हाच्या कडेवर खडूने रेघ मारली. दीडच्या सुमाराला ऊन रेलिंगच्या आत आलं, चार वाजता मागच्या भिंतीला टेकलं, साडेसहापर्यंत राहिलं. मार्चमध्ये सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला मावळतो, त्यामुळे ऊन सरळ आत येतं. मे-जूनमध्ये तो वायव्येकडे सरकतो, आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या बाल्कनीत मग उत्तरेचं टोक सावलीत जातं, दक्षिणेचं तापतं. डिसेंबरात याच्या उलट. पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. तेव्हा बारा वाजता या बाल्कनीत उन्हाचा ठिपकाही नसतो आणि तीन वाजता उभं राहवत नाही. एकाच बाल्कनीच्या दोन टोकांना दोन वेगळे हंगाम असतात, हे मला या खडूच्या रेघांनी शिकवलं.

दुसरी नोंद मी केली. तीन आठवड्यांत कोण, कधी आणि कशासाठी बाल्कनीत गेलं, एवढंच वहीत लिहायला बहिणीला सांगितलं. कपडे घालायला आणि काढायला दिवसातून दोनदा काकू. फोनवर बोलायला रात्री तिचा नवरा. सकाळी चहा घेऊन बहीण दोनदा गेली, दोन्ही वेळा स्टँडला ओलांडता न आल्याने दारातच उभी राहिली. म्हणजे ही बाल्कनी मुळात कपड्यांची होती आणि आम्ही तिला बागेचे कपडे घालायला निघालो होतो.

वलणी

काकूंच्या गावच्या घरात पडवीला आढ्याखाली वलणी होती. आडवा बांबू, दोन दोऱ्यांनी टांगलेला. नेसायचं पातळ काठीच्या टोकावर घेऊन वर टाकायचं, वाळलं की काठीनेच खाली ओढायचं. खालची जमीन मोकळी. हे त्या सहज सांगत होत्या आणि बहिणीच्या नवऱ्याला एकदम आठवलं की अशीच पुलीची दांडी बाजारात मिळते. स्लॅबला दोन पट्ट्या, त्यांतून दोऱ्या, सहा फुटी स्टीलच्या चार दांड्या. एकेक दांडी खाली घ्यायची, कपडे घालायचे, वर ओढायची. बसवण्यासकट १,३५० रुपये. म्हणजे दिवाळीतल्या कार्पेटइतकेच, रुपयाही इकडेतिकडे नाही.

अडचण भाड्याच्या घराची. स्लॅबला भोकं पाडायची म्हणजे मालकांची परवानगी. बहिणीने फोन केला असता तर "भोकं नकोत" एवढंच उत्तर आलं असतं. तिने फोटोवर खुणा करून पाठवल्या: चार भोकं दांड्यांसाठी, जाळीची बारीक हुकं चौकटीभोवती, आणि घर सोडताना जाळी तशीच ठेवून जाऊ. मालकांना कबुतरांच्या विष्ठेचा त्रास आधीच्या भाडेकरूपासून माहीत होता. ते दांड्यांना हो म्हणाले, आणि जाळीचे निम्मे पैसे भाड्यातून वळते करायलाही तयार झाले. परवानगी लेखी, मेसेजवर. डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी तोंडी हो कुणालाच आठवत नाही.

त्यांनी ठाम नाही म्हटलं ते झोपाळ्याला. बहिणीची ती मनापासूनची इच्छा, पुणेरी माणसाला झोपाळ्याचं वेड असतंच. पण स्लॅबला टांगलेला झोपाळा म्हणजे नुसतं वजन नसतं, हेलकाव्याचा ओढा असतो, आणि त्यासाठी कुणाच्या तरी स्लॅबमध्ये खोल हूक. स्वतःच्या स्टँडवर उभे राहणारे टोपलीचे झोपाळे मिळतात, तर त्यांची किंमतच आमचं सगळं बजेट, आणि साडेतीन फुटांत तो ठेवला की दार उघडेना. झोपाळा वहीतून खोडला. बहिणीने नाही, मी खोडला. ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

बादल्या, माती, झाडं

मार्चच्या मध्यावर पिल्लं उडाली. विष्ठा खरवडण्याआधी पाणी मारून भिजवली आणि तोंडाला कापड बांधलं. ती कोरडी खरवडली तर धूळ श्वासात जाते. मग जाळी आली: नऊ बाय नऊ फुटांचं तोंड, बसवणाऱ्याने ८० चौरस फूट धरले, १८ रुपये दराने १,४४०.

कुंड्या विकत घ्यायच्या नाहीत असं ठरलं. इमारतीत रंगकाम चालू होतं, रंगाऱ्याकडून २० लिटरच्या सहा रिकाम्या बादल्या ४० रुपयांना एक अशा मिळाल्या. त्या रंगवाव्यात असं आधी वाटलं होतं. पण असल्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, सालं निघतात, आणि बादल्या मुळातच पांढऱ्या. पश्चिमेच्या उन्हात पांढरा रंगच चांगला, गडद भांड्यात मुळं शिजतात. मग जाहिरातीची बाजू रस्त्याकडे फिरवली. रस्त्यावरच्यांना कंपनी दिसते, आम्हाला पांढऱ्या कुंड्या.

तुळशीसाठी मात्र काकूंना मातीचीच कुंडी हवी होती. ती कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून १८० रुपयांना आणली. पश्चिमेला तुळस चालेल का, असं मी जरा भीतभीतच विचारलं. "ऊन येतं ना? मग झालं."

मातीचं वजन हा विषय भाड्याच्या घरात कुणी काढत नाही, पण काढावा. भिजलेली बागेची माती लिटरला दीड-दोन किलो भरते. घरगुती बाल्कनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरलेला असतो. आमची बाल्कनी तीन चौरस मीटरला थोडी कमी. सहा बादल्यांनी काही बिघडत नाही, पण बांधकाम कसं झालंय कुणास ठाऊक, म्हणून जड बादल्या रेलिंगशी न ठेवता बाजूच्या भिंतींना लावल्या आणि मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळलं. त्याची पाच किलोची वीट भिजली की साठ लिटरच्या पुढे फुगते, ती वर्षभर पुरते. माती, कोकोपीट, गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, सगळं मिळून ७०० रुपये. विकतची माती बघून काकूंना फार वाईट वाटलं. "माती विकत?" असं त्या आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

झाडं सगळ्यात स्वस्त पडली. खडूच्या रेघा घेऊन सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत गेलो आणि फक्त ऊन सोसणारी झाडं घेतली. मोगरा १००, जास्वंद १२०, सदाफुलीची तीन रोपं ७५, तुळस २०. एकूण ३१५. बाकी मागून आणलं: शेजारून चिनी गुलाबाच्या काड्या, माझ्याकडून गवती चहाचा ठोंब आणि कोरफड, बहिणीच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून गोकर्णीच्या शेंगा. पानओव्याची काडी खोचली तरी जगते. उन्हाळ्यात फुलणारा मोगरा दक्षिणेच्या टोकाला, गवती चहा उत्तरेच्या.

खुर्ची जुन्या बाजारातली. मंगळवार पेठेत रविवारी गेलो, लोखंडी घडीची खुर्ची ३५० रुपयांत घेतली, रेड ऑक्साइड आणि रंगाला १६०. एकच खुर्ची. दोन हव्यात असं सगळ्यांचंच मत होतं, पण दुसरी ठेवली की दांड्या खाली घेताना काकूंना उभं राहायला जागा उरत नव्हती, आणि यावेळी तो मुद्दा कुणी डावलला नाही. बहिणीने आईच्या जुन्या साड्यांची गोधडी घडी करून त्यावर टाकली. माझ्या मते सगळ्या बाल्कनीत सजावट म्हणावी अशी ती एकच वस्तू.

फरशी तशीच ठेवली, धुऊन. दिव्यांच्या माळेऐवजी आधीच्याच होल्डरमध्ये पिवळा बल्ब, ९० रुपयांचा.

वहीतला हिशेब

जाळीचा आमचा वाटा ७२०, दांड्या १,३५०. बादल्या २४०, तुळशीची कुंडी १८०, माती-खत ७००, झाडं ३१५, खुर्ची रंगासकट ५१०, बल्ब ९०. एप्रिलसाठी हिरवं शेडनेट २८०. बादल्यांखालच्या थाळ्या १५०. बोहरी आळीतून दोरी, तार, प्लास्टिकचे टाय ११०. आणि जो कुणीच धरत नाही तो रिक्षाचा खर्च २६०. बेरीज ४,९०५.

यातले २,०७० रुपये, म्हणजे शंभरातले बेचाळीस, जाळी आणि दांड्यांवर गेले. फोटोत जाळी दिसत नाही आणि दांड्या दिसू नयेत असंच वाटतं. झाडांवर शंभरातले साडेसहा. दिवाळीतल्या २,५०० मध्ये दिसणाऱ्या वस्तूंखेरीज एक पैसा खर्च झाला नव्हता, आणि तेच कारण असावं की चार महिन्यांत त्यांतला मनी प्लांट तेवढा उरला.

उन्हाळा आणि पावसाळा

कागदावरचा हिशेब जुळला, पण चुका झाल्याच.

पहिली माझी. शेडनेट मी कबुतरांच्या जाळीलाच टायने बांधलं. मेमध्ये वळवाच्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगलं आणि जाळीची दोन हुकं उपटून निघाली. जाळीवाल्याने ती पुन्हा बसवून दिली, पैसे घेतले नाहीत, पण ऐकवलं पुष्कळ. पुढे शेडनेट रेलिंगला आणि दांडीच्या पट्टीला सुटत्या गाठीने बांधलं, आभाळ भरलं की काढून ठेवता येईल असं. तोवर काकूंच्या लक्षात आलं होतं की धुण्याच्या दिवशी शेडनेट लागतच नाही. ओलं पातळ बाहेरच्या दांडीवर दुपारी दीडला टाकलं की ते वाळेपर्यंत मोगऱ्यावर सावली, शिवाय गारवा. जूनपर्यंत त्या धुणं झाडांच्या वेळेनुसार घालू लागल्या.

दुसरी चूक खालच्या मजल्याने दाखवली. पाणी घातलं की रेलिंगखालून ठिबकून त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचे डाग. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एक टॉवेल घेऊनच वर आल्या. थाळ्या आम्ही त्यानंतर आणल्या, आधी सुचायला हव्या होत्या. पण थाळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी थाळ्या ओतून, पुसून, दुपारभर उपड्या. कोरडा दिवस पाळा हे पालिकेचं वाक्य आपण भिंतीवर वाचतो, ते या घरात खरोखर पाळलं जातं.

पुण्यात मोसमी वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे या बाल्कनीत पाऊस तिरपा थेट आत. बादल्यांना भोकं फक्त तळाला पाडली होती, ती थाळीवर टेकून बुजली. जुलैत तीनपैकी दोन सदाफुल्या मुळाशी कुजल्या. मग बाजूने, तळापासून बोटभर वर भोकं पाडली आणि बादल्या विटांच्या तुकड्यांवर चढवल्या. गोधडी पावसाळाभर आत. खुर्चीच्या सांध्यांना गंज आला, तो अजून आहे.

गोकर्ण मात्र पावसात जाळीवर चढली ती थांबेना. श्रावणात काकूंना महादेवाला निळी फुलं घरचीच. जाळीवाल्याच्या सांगण्यावरून तिला उत्तरेच्या तीन फुटांतच अडवली. सगळी जाळी वेलीने झाकली असती तर वारा अडून कपडे वाळले नसते आणि भांडण पुन्हा पहिल्या जागी आलं असतं. ऑक्टोबरात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. आधी पाण्याच्या जोरात धुतला, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, दर चार दिवसांनी संध्याकाळी. तेल माझ्या घरचं, हिशेबात नाही.

नोव्हेंबर

करार वाढला, भाडंही. मी परवा गेले तेव्हा सकाळी आठ वाजता बहीण खुर्चीवर चहा घेत होती, डोक्यावर रात्रीचे कपडे, गवती चहा पुढच्याच बादलीतला. संध्याकाळी त्याच खुर्चीवर काकू. रात्री तिचा नवरा फोनवर, उभा, कारण खुर्चीवर गोधडीची घडी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पानओव्याची काडी हवी होती, ती दिली.

सहा हजारांतले १,०९५ रुपये डब्यात तसेच आहेत. बहिणीचं म्हणणं, यात थोडी भर घालून टोपलीचा झोपाळा घेऊ, पुढच्या घरी तरी लागेल. काकूंचं म्हणणं, हिवाळ्यात चादरी दोन दिवस वाळत नाहीत, पाचवी दांडी घ्या.